मुनीर, तुझी सप्तपदी मी छापू देणार नाही

मुनीर, रविवारी तुझी शोकसभा झाली. दोन तास मी पहिल्या रांगेत दात आवळून बसले होते. आजूबाजूचे लोक रुमालानं डोळे पुसत होते, आणि मला एकदाही रडू आलं नाही. आला तो नुसता राग.

तुझ्या फोटोला कोणीतरी झेंडूचा हार घातला होता. वहिनींनी एकदा त्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून मीही गप्प राहिले. मग एकेक जण उठला. तुझे अधिकारी झालेले विद्यार्थी. कोणी चंदीगडहून आला होता, कोणी भोपाळहून, एक जण तर विमानतळावरून बॅग घेऊन थेट हॉलवर. आणि प्रत्येकानं, अरे प्रत्येकानं, माइक हातात घेऊन तेच सांगितलं. "सरांच्या सप्तपदीमुळे मी आज इथे आहे." एकानं तर बोटं वर करून अख्ख्या हॉलकडून सातही पायऱ्या म्हणवून घेतल्या. इतिहास, समाज, अर्थ, राजकारण, पर्यावरण, नीती, पुढची वाट. शाळेत पाढे म्हणतात तसं लोकांनी म्हटलं आणि टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या!

शेवटी संदेश उठला. आपल्या पहिल्या बॅचचा संदेश, आता मोठा साहेब झालाय. म्हणाला, "सरांची सप्तपदीची पुस्तिका आम्ही सगळे मिळून पुन्हा छापतोय. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी दिल्लीत येणाऱ्या प्रत्येक मराठी मुलामुलीच्या हातात ती पडली पाहिजे. सरांना हीच खरी श्रद्धांजली. आणि प्रस्तावना अर्थातच वर्षा मॅडम लिहितील." सगळा हॉल माझ्याकडे वळला. मी मान डोलावली.

मान डोलावली मी, मुनीर. जी पुस्तिका चुकीची आहे, तिनं पोरांचं नुकसान होतंय, असं तू मला दीड-दोन महिन्यांपूर्वी तोंडावर सांगितलं होतंस, तिच्याच प्रस्तावनेला. तुला ते ऐकू आलं असतं तर तू मागच्या रांगेतून ओरडला असतास. पण तू नव्हतास. तू हात झटकून निघून गेलास आणि हे सगळं माझ्या गळ्यात टाकलंस.

आता मला पहिल्यापासून सांगू दे. तुला माहीत आहे सगळं, पण त्या हॉलमध्ये कोणीही खरं सांगितलं नाही, मी धरून, म्हणून सांगते.

तू उदगीरचा, मी परभणीची. एकाच वर्षी राजेंद्रनगरात आलो, एकाच मेसमधल्या पातळ वरणाला नावं ठेवली, आणि एकाच वर्षी आपापला शेवटचा अटेंप्ट घालवला. घरी जायला तोंड नव्हतं म्हणून दिल्लीत राहिलो. पुढे लोकांनी विचारलं की आपण 'शिकवण्याची ओढ होती' वगैरे सांगायचो. कसली ओढ! पोट भरायचं होतं आणि आपल्याला येत होतं ते एवढंच. झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली घेतली, फळा टांगला आणि मराठीतून परीक्षा देणाऱ्या पोरांना मेन्सची उत्तरं कशी लिहायची ते शिकवायला लागलो. ज्यांना स्वतःला ती परीक्षा कधी निघाली नव्हती, असे दोन मास्तर.

सप्तपदी त्याच खोलीत जन्मली. मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, "सर, सुरुवात कुठून करू? मला काहीच सुचत नाही." तू फळ्यावर सात चौकोन काढलेस आणि म्हणालास, प्रश्न कुठलाही येऊ दे, या सात दारांतून जा, काही ना काही हाताला लागेल. एक मुलगी ओरडली, "सर, ही तर सप्तपदी झाली!" वर्ग हसला. तू म्हणालास, "माझ्या निकाहात नव्हती बाई, इथे तरी होऊ दे." त्या दिवसापासून सगळ्या राजेंद्रनगरात मुनीर सरांची सप्तपदी.

आणि हे मी नाकारत नाही की ती सुरुवातीला उपयोगी पडली. आटपाडी, किनवट, धडगावहून आलेलं पोर प्रश्नपत्रिका बघून गारठून जायचं, त्याला धरायला काहीतरी मिळालं. संदेश त्यातलाच. तो रविवारी खोटं बोलला नाही. पण पुस्तिका काढायचा हट्ट कोणाचा होता, हे त्यानं सांगितलं नाही, कारण ते फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. तू म्हणत होतास, "हे फळ्यावरच राहू दे यार. फळ्यावरचं पुसता येतं." मी ऐकलं नाही. मी एकेक पायरीचे नमुने लिहिले, छापून घेतले, आणि वर तुझं नाव घातलं, कारण पोरं तुझ्या नावानं यायची. सप्तपदी तुझी आणि पुस्तिका माझी, असा तो संसार होता.

तुझं एक वेड मात्र माझं कधीच नव्हतं. नापासांचा चहा.

यादी लागली की बाकीचे क्लासवाले पास झालेल्यांचे फ्लेक्स लावतात. आपणही लावायचो, नाही म्हणू नकोस. पण त्याच आठवड्यात तू नापास झालेल्या सगळ्यांना एकेक करून फोन करायचास. "ये रे, चहाला ये. तुला बोलणी खायला नाही बोलवत, मला खायचीत." दुपारी चार वाजता वर्गात चहा-खारी. पोरांनी फळ्यापाशी उभं राहायचं आणि आपण दोघांनी बाकावर बसायचं. प्रश्न एकच असायचा, 'आम्ही काय शिकवलं, जे तिथे उपयोगी पडलं नाही?' आणि नियमही एकच होता, की शिक्षकानं उत्तर द्यायचं नाही. नुसतं लिहून घ्यायचं. तू तर तोंडात खडीसाखर धरून बसायचास, म्हणजे मध्येच बोलायची खुमखुमी आली तरी बोलता येऊ नये.

मला तो प्रकार असह्य व्हायचा. पहिल्याच वर्षी एक जण म्हणाला की मॅडम निबंधाच्या तासाला फार घाई करतात, आणि मी ताडकन उठले. "तू किती तासांना हजर होतास रे?" तो बिचारा गोरामोरा झाला आणि पुढे कोणी तोंड उघडलं नाही. सगळे गेल्यावर तू मला झापलंस. "आता या वर्षी आपल्याला काहीही कळणार नाही. तुझं एक उत्तर आपल्याला वर्षभराला पडलं." मी म्हटलं, मी माणूस आहे, माझ्यावर खोटा आरोप झाला तर मी बोलणार. तू म्हणालास, "खोटा असेल. पण त्याला तसं का वाटलं, हे तुला कधीच कळणार नाही आता." मी रागानं द्वारकेच्या घरापर्यंत मेट्रोत उभी राहून गेले. जागा होती तरी बसले नाही.

मग तू माझ्या तासाला येऊन मागे बसलास, न सांगता. तास संपल्यावर म्हणालास, "वर्षा, तू प्रश्न विचारतेस आणि कोणी श्वास घ्यायच्या आत उत्तरही तूच देतेस." मी चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी मी प्रश्न विचारला आणि मनात दहापर्यंत मोजलं. काय सांगू, सातव्या आकड्यापर्यंत मला घाम फुटला होता. आठव्याला जालन्याची एक मुलगी बोलली, जिचा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. हे मी तुला कधी सांगितलं नाही. घे, आता सांगते. मी अजूनही मोजते. तुझ्यामुळे मोजते. त्याबद्दल तुझे उपकार आहेत माझ्यावर, आणि म्हणूनच तुझा जास्त राग येतो.

परीक्षेची उत्तरपत्रिका परत मिळत नाही, फक्त मार्क कळतात. त्यामुळे नेमकं कुठे चुकलं हे कोणालाच कळत नाही, पोरांना नाही आणि मास्तरांना तर नाहीच नाही. त्यावर तू तोड काढलीस. पेपर संपला की त्याच संध्याकाळी पोरांना वर्गात बोलवायचं आणि आठवेल तसं उत्तर पुन्हा लिहून घ्यायचं. मार्क आले की त्यांना ते जोडायचे. वर्षानुवर्षं तू त्या फायली जमवल्यास आणि रविवारी एकटा वाचत बसलास. मी चिडवायची, "काय रे, पीएचडी करतोयस का?" तू म्हणायचास, "पीएचडी करायला गाइड लागतो. मला ही नापास पोरंच गाइड आहेत." मला ते वाक्य भारी नाटकी वाटायचं.

आता रूपालीचं.

यंदाच्या चहाला ती आली होती. आटपाडीची रूपाली, दोन वर्षं आपल्याकडे होती, दोन्हीदा मेन्सला अडकली, आणि आता गुरुग्रामला एका कंपनीत लागली आहे. ऑफिसमधून अर्धा दिवस रजा काढून आली. फळ्यापाशी गेली, पर्समधून सरावाच्या पेपरची एक जुनी तपासलेली कॉपी काढली आणि आपल्यासमोर बाकावर ठेवली. प्रश्न होता, गावातल्या सार्वजनिक सेवा सगळ्यांपर्यंत सारख्या का पोहोचत नाहीत. तिची आई ग्रामपंचायतीत पाण्याचा व्हॉल्व्ह सोडायचं काम करते. रूपालीनं सुरुवातीलाच लिहिलं होतं की व्हॉल्व्ह कोणत्या गल्लीचा आधी उघडतो, कोणाच्या सांगण्यावरून उघडतो, आणि शेवटच्या गल्लीला पाणी पोहोचेपर्यंत टाकी का रिकामी होते. कागदोपत्री सगळ्या गल्ल्यांना नळ आहे. किती स्वच्छ लिहिलं होतं पोरीनं. आणि त्या सगळ्या परिच्छेदावर लाल शाईची आडवी रेघ. समासात लिहिलेलं, 'वैयक्तिक अनुभव नको. चौकटीत लिहा.'

रूपाली म्हणाली, "परीक्षेत जवळपास हाच प्रश्न आला. मला आई आठवली, व्हॉल्व्ह आठवला. आणि मग ही रेघ आठवली. मी इतिहासापासून सुरू केलं आणि सातही पायऱ्या लिहिल्या. सर, आता मी प्रश्न वाचायच्या आधीच उत्तर तयार असतं माझ्या डोक्यात. प्रश्नात काय विचारलंय ते मी बघतच नाही."  मग दोघा-तिघांनी माना हलवल्या. एक जण पुटपुटला, "माझं पण तसंच होतं."

मुनीर, ते अक्षर माझं होतं.

मला माझं अक्षर ओळखता येत नाही होय? तुलाही क्षणात ओळखू आलं. मी तुझ्याकडे पाहिलं, तू माझ्याकडे. मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते, की तसं मी आता स्वतःला समजावतेय, ते मला सांगता येत नाही. पण तू मला तेवढा वेळच दिला नाहीस. इतक्या वर्षांत जो नियम तू एकदाही मोडला नव्हतास तो मोडलास. तोंडातली खडीसाखर हातावर काढलीस आणि म्हणालास, "रूपाली, ही चूक माझी आहे. मला माफ कर बेटा."

आणि मी चहाच्या थर्मासकडे बघत बसले.

कोणी सांगितलं होतं तुला? कोणी मागितला होता तुझा तो मोठेपणा? वर्षानुवर्षं माझ्या कानीकपाळी ओरडलास, शिक्षकाला त्याची चूक मिळाली पाहिजे, ती त्याच्या हातात पडली पाहिजे, त्याशिवाय तो इंचभर पुढे जात नाही. आणि माझी चूक माझ्या पुढ्यात येऊन पडली, तेव्हा तूच ती उचललीस आणि स्वतःच्या खिशात घातलीस. मला वाचवलंस असं वाटलं असेल तुला. मला तू त्या दिवशी बाकावर बसलेलं लहान पोर करून टाकलंस. पोरांसमोर तू मोठा झालास आणि मी होते तिथेच राहिले. याचा राग मला तू गेल्यावर आलेला नाही, तेव्हाच आला होता. सांगितला नाही, कारण सांगायचा तर आधी ते अक्षर माझं आहे हे म्हणावं लागलं असतं.

त्या संध्याकाळी मेट्रोच्या जिन्याखाली आपण भांडलो. आजूबाजूनं लोक धक्के देत जात होते.

"सोमवारी मी वर्गात सांगतो," तू म्हणालास. "फायली पुन्हा वाचल्यात मी. रूपाली एकटी नाहीये. ज्यांनी सप्तपदी घोटून लिहिली ते सगळे मधेच लटकलेत. विचारलेलं असतं दोन गोष्टींचं आणि आपली पोरं सात गोष्टी सांगून येतात. चुकीचं शिकवलं आपण."

"वेडा आहेस का? मेन्स तोंडावर आलीय. पोरं हातपाय गाळतील."

"नाही सांगितलं तर तेच लिहून येतील."

"येऊ देत. निदान काहीतरी लिहितील. तुझ्याकडे दुसरं काय आहे द्यायला?"

"अजून नाही माहीत."

"माहीत नाही, आणि वर्गात जाऊन सांगणार?"

"बिल्कुल. माहीत नाही, हेच सांगणार."

मी हात जोडले तुझ्यापुढे. रस्त्यात, सगळ्यांसमोर. "मुनीर, मेन्सनंतर. मी पाया पडते."  मग म्हणालास, "अच्छा. चलो. मेन्सनंतर." आणि जिना चढून गेलास.

का ऐकलंस माझं? आयुष्यात कधी ऐकलं नाहीस ते नेमकं तेव्हाच? मी पोरांसाठी थांबवत नव्हते तुला. पोरांचं नाव पुढे केलं होतं. तू सोमवारी वर्गात उभा राहिला असतास तर कोणीतरी विचारलंच असतं, मग ती लाल रेघ कोणाची, आणि मला ते नको होतं. एवढंही तुला कळलं नाही? की कळलं होतं, आणि तरी तू 'अच्छा' म्हणालास?

मेन्स झाली. शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी तू पोरांकडून उत्तरं लिहून घेतलीस आणि रात्री मला फोन केलास. आवाज अगदी बसला होता. "वर्षा, सगळ्यांनी तेच लिहिलंय गं. सगळ्यांनी." मी म्हटलं, "उद्या बोलू. झोप आता, दमलायस." तू म्हणालास छातीत जळजळतंय, अ‍ॅसिडिटी असेल. मी म्हटलं, खारी कमी खा. ते शेवटचं बोलणं. तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला.

तुला न्यायला पुरुष आले. मी दारात उभी होते. तुझ्या सगळ्या पोरांनी तुला मिट्टी दिली, कालच्या बॅचमधल्या पोरांनीसुद्धा. मी आत बायकांमध्ये बसून राहिले आणि मनात तुला शिव्या घालत राहिले. पंधरा वर्षं एका खोलीत शिकवलं, आणि शेवटी मूठभर माती घालायलाही मी तिथे नव्हते.

हे सगळं पोटात घेऊन मी रविवारी मान डोलावली. सभा संपल्यावर दारापाशी तुझी अफरीन भेटली. सोळा वर्षांची पोर, तुझ्यासारखीच भुवई चढवते. म्हणाली, "मावशी, अब्बा तर ती बुक बंद करणार होते ना? घरी रोज बोलायचे. मग तुम्ही हो का बोललात?"

मी तिला काय सांगितलं माहीत आहे? "घरी जा बेटा, आईला सांभाळ." तिनं मला नमस्ते केलं आणि गेली. सोळा वर्षांच्या पोरीनं विचारलेल्या सरळ प्रश्नाला मी असं उत्तर दिलं. द्वारकेला घरी पोहोचेपर्यंत माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तुझ्यावरची कमी, माझ्यावरची जास्त.

सोमवारी सकाळी संदेशला फोन केला. "पुस्तिका छापायची नाही," म्हटलं. तो हबकला. "मॅडम, सगळ्यांच्या भावना जोडलेल्या आहेत. लोकांच्या आठवणीतले सर…"

"आठवणी घाल चुलीत," मी म्हटलं. "मुनीर स्वतः ती मागे घेणार होता. त्याला मी थांबवलं."

 मग हळूच म्हणाला, "मॅडम, पण मी तर तीच लिहून पास झालो." मी म्हटलं, "झालास ना? तू हुशार होतास म्हणून झालास. जे नाही झाले त्यांना एकदा विचार." त्याला ते आवडलं नाही. 'बघतो' म्हणाला. बघू दे. परवानगी मी देणार नाही, आणि त्यानं तरी छापली तर प्रत्येक पोराच्या हातातून काढून घेईन.

दुपारी नव्या बॅचचा तास होता.  मी म्हटलं, पुस्तिका दप्तरात ठेवा, आजपासून ती बंद. मग सगळं सांगितलं. तुझ्या फायली, पोरांची आठवून लिहिलेली उत्तरं, रूपालीच्या आईचा व्हॉल्व्ह, लाल रेघ. आणि म्हटलं, ती रेघ सरांची नव्हती, माझी होती, आणि सरांनी दोष स्वतःवर घेतला तेव्हा मी गप्प बसले.

तू असतास तर म्हणाला असतास, आता वर्ग तुझ्या बाजूनं झाला. तसलं काही झालं नाही. पहिल्या बाकावरचा मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "मॅडम, माझी पूर्ण पाठ झालीय." दोघीजणी आपसात कुजबुजल्या, आणि मला ऐकू आलं, त्या दुसऱ्या क्लासची चौकशी करत होत्या. मग मागून एकानं विचारलं, "ते ठीक आहे मॅडम, पण मग आता लिहायचं काय?"

मी दहापर्यंत मोजलं. या वेळी कोणीच बोललं नाही. त्यांना माझं उत्तर हवं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

सांगते तुला, हे तीन शब्द बोलायला फार जड गेले. तुला सोपे वाटायचे, म्हणून तू ते म्हणायला निघाला होतास. मला वाटलं फळा अंगावर येतोय. मग मी जुन्या पेपरातला एक प्रश्न लिहिला आणि म्हटलं, पंधरा मिनिटं पेन उचलायचं नाही, नुसतं वाचायचं, आणि यात खरं काय विचारलंय ते मला सांगायचं. तास वाईट गेला, मुनीर. अगदी वाईट. पोरं चुळबुळत होती आणि मी घड्याळ बघत होते. पण शेवटी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, यात मला वाटतं एकच गोष्ट विचारलीय." मी ते लिहून घेतलं.

संध्याकाळी रूपालीला फोन केला. ती ऑफिसमधून घरी निघाली होती, कॅबमध्ये. मी सरळच म्हटलं, "रूपाली, तुझ्या कॉपीवरची ती रेघ सरांची नव्हती. ती मी मारली होती. मला माफ कर."

तिनं आधी कॅबवाल्याला रेडिओ बंद करायला सांगितलं. मग म्हणाली, "मॅडम, मला माहीत होतं."

"कसं?"

"दोन वर्षं तुम्हीच माझ्या कॉप्या तपासल्यात. तुमचं अक्षर नाही ओळखणार मी? मी तुम्हालाच विचारायला आले होते. रजा काढून आले ती त्यासाठीच. सर मध्येच बोलले."

 ती पुढे म्हणाली, "नंतर मी सरांना फोन करून सांगितलं होतं, सर, तुम्ही बोलायला नको होतं. त्यांना पण पटलं ते."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाले, खरंय बेटा, चुकलं माझं. मॅडम बोलल्या असत्या, मीच त्यांना वेळ दिला नाही."

तिला सांगितलंस, मुनीर. मला का नाही सांगितलंस?